छत्री, काठी आणि पिप्पी

सटाण्यात पाऊस बेताचाच. तरीही गेली दोन वर्षे मी पहाटे आरम नदीकडे फिरायला निघताना बारमाही छत्री घेत असे. डाव्या गुडघ्याला आधार हवा होता आणि हाती काठी दिसली की लोक ‘थकलात’ म्हणतील, हे सोसवत नव्हते. माघात धुतलेल्या फरशीवर छत्रीचे टोक सरकले. हाड वाचले, मनगट मात्र तीन आठवडे सुजून राहिले.

त्या दिवसांत नात मला पुस्तके वाचून दाखवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो काटकुळा मुलगा, मोठ्यांनी विश्वास ठेवो न ठेवो, सायकलवर टांग टाकून निघतोच. लोकांच्या मताकडे पाहायला त्याला सवडच नसते! स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची पिप्पी (१९४५) निराळी. ती ऐकते. ‘चेहऱ्यावरील ठिपक्यांचा त्रास होतो का?’ अशा अर्थाची पाटी दुकानावर दिसताच ती आत जाऊन ‘मुळीच नाही’ असे सांगते. चेहरा मात्र ठिपक्यांनी भरलेला.

(प्रकाश नारायण संतांचा, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन मला अधिक जवळचा वाटला. तोही माझ्यासारखाच मनात फार घोळवणारा.)

फेणेचा वेग या वयात कुठून आणावा? पिप्पीचे मात्र जमेल असे वाटले. मला त्रास गुडघ्याचा होता. काठीचा कधीच नव्हता.

आपल्या घरात कुणी काठी टाळत असेल, तर त्यांना दटावू नका. माझ्या सूनबाईंनी काठी आणून उंबऱ्याशी ठेवली, बोलल्या काही नाहीत. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. मी छत्री दोन वर्षे डाव्याच हाती धरीत होतो! टोकाचे रबर झिजताच बदलावे.

काल देवमामलेदारांच्या मंदिरापाशी एक जुने स्नेही भेटले. “काय, काठी आली?”

“आली. बरे चालवते,” मी म्हणालो.

त्यांनी ती हाती घेतली, चार पावले टाकून पाहिली आणि हळूच विचारले, “हे खालचे रबर कुठे मिळते हो?”