मागच्या ओळीतले भजनी

भजन उभे करतो बुवा, पण ते पेलतात त्याच्या मागे बसलेले. गोव्यात कौतुक होते ते बुवाच्या गळ्याचे आणि पखवाजीच्या हाताचे. ओळ झेलणाऱ्या कोरसकडे लक्ष जाते ते क्वचितच. माणसे एकमेकांना धरून राहतात ती मात्र तिथेच.

सप्ताहात हे कळते. नाव सप्ताह, पण गोव्यात पुष्कळ ठिकाणी तो एका अहोरात्राचा. देवासमोर समई तेवत असते, भजनी पाळ्या वाटून घेतात आणि चोवीस तास गाणे खंडू देत नाहीत. उत्तररात्रीची पाळी सर्वांत अवघड. बुवाचा आवाज बसलेला, पखवाजीचे मनगट भरून आलेले. अशा वेळी बुवाने सोडलेली ओळ त्याच पट्टीत, लय न सांडता उचलायची. कुणाचा आवाज वेगळा निघता कामा नये, झांज पखवाजावर चढता कामा नये. सुरेल गळ्याच्या माणसालाही हे शिकायला वर्षे लागतात, कारण इथे आधी कान तयार व्हावा लागतो. शेजारी शेतकरी बसलाय की शिक्षक, याला त्या घटकेला महत्त्व नसते. त्याचा श्वास कुठे सुटतो, हे मात्र ठाऊक असावे लागते.

एकमेकांना धरून राहण्याची ही ओढ जुनी आहे. पोर्तुगीज अमलात दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ गेले, तेव्हा भाविकांनी देव नदीपार डिचोलीतल्या नार्व्याला आणला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. गोव्याच्या उत्तर टोकाचे पेडणे मात्र पोर्तुगीजांकडे गेले 1788 मध्ये. तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. म्हणून इथला देवळाचा चौक टिकला, आणि चौकातले भजनही. शेजारच्या बांद्याशी नाते असलेल्या संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे आजही गायली जातात. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचा चैत्री उत्सव भरतो, आणि आषाढीसाठी गोव्यातून वारकरी पायी पंढरपूरला निघतात.

गोव्याची कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीत भजन स्पर्धा घेते. तिने गाणे नेटके केले, महिलांच्या आणि मुलांच्या पथकांना रंगमंच दिला, ही मोठीच गोष्ट. पण स्पर्धेला निवडक आवाज लागतात. सप्ताहात कच्च्या गळ्यालाही जागा असते: नवख्याच्या हाती झांज द्यायची आणि त्याला जाणत्याच्या शेजारी बसवायचे. तो पुढे बुवा होईलच असे नाही. पुष्कळजण जन्मभर मागेच बसतात, आणि मुलगा हाताशी आला की सरकून त्यालाही तिथेच बसवून घेतात.