रोल केज, ट्रॅक्टर आणि उलटलेल्या गाडीतला माणूस

हाताचं प्लास्टर काढायला आलेल्या एका तरुणाने परवा मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तो रिसोड तालुक्यातला, वेल्डिंगचं काम करणारा. व्हिडिओ जानेवारी 2020 मधल्या माँटे कार्लो रॅलीचा होता. एस्टोनियाचा चालक ओट टानाक ताशी 180 किलोमीटरच्या आसपास वेगात असताना त्याची ह्युंदाई रस्ता सोडून हवेत उडते आणि कोलांट्या खात डोंगरउतारावरून खाली जाते. टानाक आणि त्याचा सहचालक मार्टिन यार्वेओया या दोघांनाही गंभीर इजा झाली नाही.

"डॉक्टरसाहेब, हे दोघं वाचले कसे? मला जुन्या जीपमध्ये असाच पाइपाचा पिंजरा बसवायचा आहे. जमला तर घरच्या ट्रॅक्टरवरही बसवीन म्हणतो."

जीपचं ऐकून मी हसलो होतो. ट्रॅक्टरचं ऐकल्यावर मात्र त्याला बसवून घेतलं. त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण नाशिकला रॅली होत असल्या आणि पुण्याचे संजय टकले जागतिक रॅली स्पर्धांपर्यंत पोचले असले, तरी आपल्या वाशिम जिल्ह्यात रॅलीची गाडी क्वचितच कुणी पाहिली असेल. ट्रॅक्टर मात्र प्रत्येक पांदण रस्त्यावर आहे. तोही उलटतो.

आधी शरीराचं बघू. अपघातात एकामागोमाग तीन धडका होतात. गाडी कशावर तरी आदळते, मग तुमचं शरीर गाडीच्या आतल्या भागावर आदळतं, आणि शेवटी मेंदू, यकृत, प्लीहा हे अवयव शरीराच्या आतच आदळतात. इजा वेगामुळे होत नाही, तो वेग किती कमी अंतरात शून्यावर आला त्यामुळे होते. ताशी 50 किलोमीटर वेगातलं शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबलं तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. तेच दहा सेंटिमीटरमध्ये थांबलं तर जवळजवळ शंभरपट. कोलांट्या बघायला भयंकर वाटतात, पण प्रत्येक कोलांटीत थोडा थोडा वेग खर्च होतो. एकाच झाडावर थेट आदळण्यापेक्षा शरीराला ते बरं. अट एकच, माणूस बसला आहे ती जागा चेपता कामा नये. टप खाली आला की डोकं आणि मान त्याखाली सापडतात, आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली तर हातपाय कायमचे जाऊ शकतात.

ही जागा राखणं, एवढंच रोल केजचं काम. पुढचा भाग, मागचा भाग, दारांचे पत्रे चुरडले तर चुरडू देत, त्यातच धडकेचा जोर जिरतो. मधली खोली तेवढी राहिली पाहिजे.

माझ्या वेल्डर मित्राचा बेत पाण्याच्या जीआय पाइपाचा होता. जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचे, म्हणजे एफआयएचे नियम इथे फार स्पष्ट आहेत. मुख्य कमानीसाठी शिवण नसलेला, थंड अवस्थेत ओढून तयार केलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो, किमान 45 मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 व्यासाचा आणि दोन जाडीचा. पाइप तापवून वाकवायचा नाही, थंडच वाकवायचा, आणि वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. त्याहून आखूड वळणात पाइप चपटा होतो, आणि उलटल्यावर तिथेच दुमडतो.

हाडांचं काम करणाऱ्याला हे लगेच पटतं. मांडीचं हाडही पोकळ नळीच आहे. कमी वजनात जास्त ताकद मिळवायची तर निसर्गानेही नळीच निवडली. पोलादाला मात्र हाडापेक्षा एक गुण जास्त हवा. ते वाकलं पाहिजे, तुटता कामा नये. वाकताना ते धडकेचा जोर पोटात घेतं, तुटलं तर त्याचा भाला होतो. म्हणून "सगळ्यात कडक लोखंड आणतो" हा विचार उपयोगाचा नाही. कडक पोलादाला वेल्डिंगच्या कडेला तडा जाण्याची भीती जास्त.

आता पायांकडे या. पिंजरा कितीही दणकट असो, तो चॅसिसवर किंवा गाडीच्या सांगाड्यावर जिथे टेकतो तिथला पत्रा पातळ असेल, तर उलटल्यावर पाइप पत्र्यातून आरपार जातो आणि सगळा पिंजरा खाली बसतो. म्हणून पायाखाली किमान 120 चौरस सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन भार पसरवायचा असतो. सांधा पाइपाच्या सगळ्या बाजूंनी वेल्ड झालेला हवा. टपाला चिकटलेल्या भागात वरच्या बाजूला वेल्डिंगचा हात पोचत नाही आणि नेमका तोच भाग अर्धवट राहतो, हे त्या तरुणानेच मला सांगितलं. आडव्या-तिरप्या नळ्या त्रिकोण करतील अशाच बसवायच्या. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. आपल्या टिनाच्या शेडची कैची आठवा.

एवढं सगळं जमलं तरी अर्धंच काम झालं. स्टीलच्या डब्यात अंडं ठेवून डबा जिन्यावरून सोडा. डब्याला काही होणार नाही, अंड्याचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. रॅलीतले चालक घट्ट सीटमध्ये दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून येणाऱ्या पट्ट्यांनी जखडलेले असतात. डोक्यावर हेल्मेट असतं, मान झटक्याने पुढे जाऊ नये म्हणून खांद्यावर वेगळं साधन असतं, आणि डोक्याजवळच्या नळ्यांना खास पॅडिंग. म्हणून रोजच्या वापरातल्या जीपमध्ये पिंजरा बसवण्याला माझा साफ विरोध आहे. बाजारहाटाला जाताना हेल्मेट कुणी घालत नाही. मग साध्या धडकेतही तुमचं डोकं आणि लोखंडी नळी यांच्यात काहीच नसतं. कायद्याचंही आहेच, गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

शिवाय पिंजऱ्यालाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी 2011 मध्ये फॉर्म्युला वनचा चालक रॉबर्ट कुबित्सा इटलीत एक रॅली चालवत होता. रस्त्याकडेचं लोखंडी कठडं गाडीत घुसलं आणि त्याच्या उजव्या हाताला अतिशय गंभीर इजा झाली. जीव वाचला, पण फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परत यायला त्याला 2019 उजाडलं.

तर आता ट्रॅक्टर. आपल्याकडे तो दोन प्रकारे उलटतो. धुऱ्यावरून, नाल्याच्या काठावरून किंवा रस्त्याच्या कडेवरून एक चाक घसरलं की आडवा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल खिळीने जोडलेले नसतील आणि घाईत एकावरच पाय पडला, तरीही आडवा. दुसरा प्रकार मागच्या बाजूला उलटण्याचा, आणि मला त्याची जास्त धास्ती वाटते. पावसाळ्यात काळ्या मातीत मागची चाकं रुततात. चाकं फिरत नाहीत, पण इंजिन जोर लावत असतं. तो जोर मग ट्रॅक्टरचं पुढचं तोंडच वर उचलतो. चाकापुढे लाकूड बांधून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, किंवा ओढायची साखळी खालच्या हुकाऐवजी वर कुठेतरी अडकवली, तरी हेच होतं. पुढची चाकं उचलल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो. धोका दिसून पाय क्लचवर पोचायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. "उडी मारीन" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा. रुतलेला ट्रॅक्टर रिव्हर्सने काढा, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढून ओढून घ्या.

ट्रॅक्टरच्या रोल केजला रोप्स म्हणतात. बहुतेक वेळा ती सीटच्या मागची दोन खांबांची कमान असते. ती ट्रॅक्टरला पूर्ण पालथा होऊ देत नाही, बहुधा आडवा पडल्यावरच थांबवते, आणि चालकाभोवती जागा राखते. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. त्याआधी तिथे दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला दहाहून अधिक माणसं उलटण्यात दगावत. 1990 पर्यंत हे प्रमाण लाखामागे एकाच्याही बरंच खाली आलं. एका लोखंडी कमानीने एवढं साधलं. औषधांमध्ये असा परिणाम मी फार कमी पाहिला आहे.

पट्ट्याचा नियम मात्र नीट लक्षात ठेवा. कमान असेल तर पट्टा बांधायचाच, नाहीतर तुम्ही राखलेल्या जागेतून बाहेर फेकले जाता आणि तीच कमान अंगावर येते. कमान नसेल तर पट्टा बांधायचा नाही. घडीची कमान संत्र्याच्या बागेत खाली केली असेल, तर ती नाहीच असं समजा आणि बागेबाहेर आल्यावर उभी करा. उन्हासाठी बसवलेलं छत म्हणजे कमान नव्हे. आणि मडगार्डवर बसलेल्या पोरासाठी कुठल्याच कमानीत जागा नसते.

मग गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कमान बनवावी का? त्या तरुणाला मी नाही म्हणालो, आणि त्याचा हात चांगला असूनही म्हणालो. कमानीचा सगळा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या घरावर पेलावा लागतो. मडगार्डच्या पत्र्यावर उभारलेली कमान पहिल्याच धक्क्यात जाते, आणि अ‍ॅक्सलच्या बिडाच्या घरावर वेल्डिंग केलं की तिथे तडा जातो. कारखान्याच्या कमानीची तुमच्याच मॉडेलच्या वजनानुसार ठरवलेल्या भाराखाली चाचणी झालेली असते. डीलरकडे तीच मागा. नवा ट्रॅक्टर घेताना म्युझिक सिस्टिमच्या आधी हे विचारा.

आणि कुणी खाली सापडलंच तर? आधी इंजिन बंद करा, कुणी तरी एकाने 108 लावा. छाती दबली असेल तर बरगड्या हलत नाहीत आणि काही मिनिटांतच श्वासावाचून माणूस जातो. तिथे कुणाचीही वाट पाहू नका. दुसरा ट्रॅक्टर, जेसीबी, जॅक, जे मिळेल त्याने उचला, पण उचलताना खाली दगड-ओंडके सरकवत राहा, नाहीतर तोच भार पुन्हा अंगावर बसतो. माणसाला हात धरून ओढू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून सरकवा. डिझेल सांडलेलं असतं, विडी दूर ठेवा.

फक्त पाय दबला असेल आणि तास उलटून गेला असेल, तर मात्र 108 च्या डॉक्टरांना फोनवर तसं सांगा. चेपलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम वजन उचलताच रक्तात येतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यामुळे शक्य असेल तिथे सलाइन आधी सुरू करावं लागतं. नंतर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडं अडचणीत आहेत असं समजा आणि अकोल्याला न्यायची वेळ येऊ शकते, अशी तयारी ठेवा. प्लीहेतला रक्तस्रावही कधी कधी सावकाश होतो, म्हणून "चालत घरी आला, काही झालं नाही" अशा माणसालाही त्याच दिवशी दवाखान्यात आणा. येताना पाय किती वाजता सापडला आणि किती वाजता सुटला, या दोन वेळा कागदावर लिहून आणा.