कच्चं घर, पक्कं घर

वाळवंटातल्या महागड्या रिसॉर्टच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येतात. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, मोकळं अंगण. इजिप्तमधल्या सिवा इथं 'अद्रेर अमेल्लाल' नावाचं असंच एक हॉटेल आहे. मीठ आणि मातीच्या स्थानिक मिश्रणानं बांधलेलं. तिथं विजेचे दिवे नाहीत. रात्री कंदील आणि मेणबत्त्या. पाहुणे त्यासाठी भरपूर पैसे मोजतात.

आमच्या आंधळगावात मात्र अशाच घरातून कधी एकदा सुटतो, असं लोकांना झालंय.

मोहाडी तालुक्यातलं हे कोसा विणकरांचं गाव. जुनी घरं मातीची, वर कवेलू. माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला, कारण मातीची ओल सुताला लागते. सूत कोरडं पडलं की तुटतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. जाड मातीची भिंत ऊन हळूहळू पिते, आतपर्यंत झळ पोचायला संध्याकाळ होते. तोवर खाटा अंगणात आलेल्या असतात. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्र्याखाली मात्र सकाळी दहालाच भट्टी पेटते. मग कुलर आला, विजेचं बिल आलं.

वर्गात मी 'माझे घर' हा निबंध देतो. एका मुलानं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'आमचे घर अजून कच्चे आहे.' व्याकरणाची चूक नव्हती, पण त्या 'अजून'वर मी थांबलो. कच्चा-पक्का हे शब्द उर्दूत आहेत तसेच मराठीतही. मी दोन्ही भाषा शिकवतो, आणि दोन्हीकडे कच्चं म्हणजे कमीपणाचं.

मातीच्या घराचं कौतुक करणं सोपं आहे. सारवण बायकांच्या हातांनी होतं. माकडं कवेलू फोडतात, आणि पावसाळ्याआधी ते फेरायला माणूस मिळत नाही. मदिनेची पहिली मस्जिद-ए-नबवीसुद्धा कच्च्या विटांची होती, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्या. पाऊस आला की तिचं छत गळायचं, हेही हदीसमध्ये नोंदलेलं आहे. तिचा मोठेपणा त्यानं कमी झाला नाही, पण गळणाऱ्या छताखाली राहणाऱ्याला आपण 'सब्र कर' एवढंच सांगायचं का?

इजिप्तचेच वास्तुरचनाकार हसन फतही यांनी १९४५ नंतर लक्सरजवळ गरिबांसाठी मातीच्या विटांचं 'न्यू गुर्ना' हे गाव बांधलं. घुमट, अंगणं, गारवा, सगळं होतं. पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बहुतेक लोक तिथं गेलेच नाहीत. त्यांची रोजीरोटी जुन्या गावाशी बांधलेली होती, आणि घुमट त्यांना कबरींचे वाटत. पुढं हीच शैली श्रीमंतांच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत मिरवू लागली.

म्हणजे माती चांगली की सिमेंट, हा खरा प्रश्नच नाही. निवड कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे. श्रीमंत माणूस मातीचं घर निवडतो, आणि त्याच्या डागडुजीला माणसं ठेवतो. गरिबाला निवडच नसते. केंद्राच्या घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर ठरलेलं आहे. एवढ्यात माग कुठं बसवायचा?

ग्रामविकास मंत्रालयानं 'पहल' नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढलाय. प्रकृती, हुनर, लोकविद्या. त्यात स्थानिक साहित्याची घरं आहेत. नाव सुंदर आहे. तो संग्रह ग्रामसभेत उघडून दाखवला पाहिजे. घरकुल घेणाऱ्याला विचारलं पाहिजे, भिंत जाड हवी का, छपरी हवी का, मागाला जागा हवी का. गवंड्याला मातीचं काम शिकवलं, तर त्यालाही रोजी मिळेल.

हुनर आपल्याकडे अजून आहे. इथं मात्र 'अजून' हा शब्द मला भीतीचा वाटतो. कवेलू फेरणारे हात म्हातारे झालेत.