काहीच न बनवणारे साहेब

मुलांनो, कंपनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठमोठी यंत्रं, भोंगा, निळ्या कपड्यांतले कामगार. हो ना? आमच्या चौथीच्या वर्गालाही असंच वाटायचं. मी मुलांना ‘माझ्या घरच्यांचं काम’ यावर दोन-दोन वाक्यं बोलायला सांगितली. एकजण म्हणाला, “माझे पप्पा गूळ बनवतात.” दुसरी म्हणाली, “आई ब्लाउज शिवते.” तिसरी मुलगी उठली आणि जरा अडखळत म्हणाली, “माझे बाबा कंपनीत मोठे साहेब आहेत. पण ते काहीच बनवत नाहीत.” वर्ग खो खो हसला. ती डोळे पुसत खाली बसली.

तिचे बाबा एका कारखान्यात प्रशासन विभागाचे प्रमुख आहेत. आता हे काम मुलांना कसं समजवायचं? म्हणून येत्या शनिवारी तुम्हीच वर्गात या, असा मी त्यांना निरोप धाडला.

ते आले ते काखेत एक जाडजूड रजिस्टर घेऊनच.

“मी बी. कॉम. झालो आणि २००१ साली टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो,” त्यांनी सांगितलं. “कोण किती वाजता आला, कोण रजेवर आहे, एवढंच लिहायचं काम. पुढे कँटीन माझ्याकडे आलं. मग कामगारांच्या बस, मग गेटवरचे रखवालदार, मग पाणी, साफसफाई, बागा. विभागप्रमुख व्हायला एकवीस वर्षं लागली.”

मग त्यांनीच मुलांना विचारलं, “आमच्या कँटीनमध्ये सातशे माणसं जेवतात. भाजी खारट झाली तर काय होईल?”

“तुम्हाला ओरडतील!” सगळे एका सुरात.

“बरोबर. आणि भाजी छान झाली तर?”

कुणाला उत्तर सुचेना.

“तर कुणी काहीच बोलत नाही. तीच माझी शाबासकी!” ते हसून म्हणाले.

नंतर त्यांनी ते रजिस्टर उघडलं. प्रत्येक कामगाराचं गाव, घर नदीकाठी आहे की उंचावर, घरी म्हातारी माणसं किती, शेजाऱ्याचा फोन नंबर, सगळं त्यात लिहिलेलं. ही माहिती ते गोळा करत होते तेव्हा लोक थट्टा करायचे. “साहेब, आमच्या आजीला नोकरी देताय काय?” असं विचारायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमच्या सांगली जिल्ह्यात तो दिवस कुणी विसरणार नाही. पाणी वाढू लागलं तशा या गृहस्थांनी कंपनीच्या बस बाहेर काढल्या. कुठल्या गावाला आधी जायचं? रजिस्टर उघडलं. ज्या नदीकाठच्या गावांत जास्त म्हातारी माणसं, तिथे पहिली बस. रस्ते बंद होण्याआधी बरीच कुटुंबं कारखान्यात आली. मालाच्या गोदामात सतरंज्या अंथरल्या आणि कँटीनच्या चुली दिवसरात्र पेटत्या राहिल्या. चार दिवस हे घरी गेले नाहीत.

“मला कुणी सांगितलंच नाही!” त्यांची मुलगी एकदम म्हणाली. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यात काय सांगायचं, असं वाटलं बघ.”

ते गेल्यावर मुलांनी विचारलं, “बाई, अशी माणसं पूर्वी पण होती का?” होती तर! तीही आपल्याच जिल्ह्यात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, हे तुम्ही वाचलं असेल. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. सगळा माळ! निवडुंग आणि साप यांचंच तिथे राज्य. कारखाना उभा करायचा तर माणसांनी आधी तिथे राहायला हवं. घरं कुठे बांधायची, पाणी कुठून आणायचं, रखवाली कुणी करायची? ती आखणी आणि वाडीचा कारभार लक्ष्मणरावांचे थोरले भाऊ रामूअण्णा यांनी सांभाळला. रखवालीसाठी तर शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

मोठ्या कारखान्यात उपाहारगृह हवं, डबा खायला जागा हवी, प्रथमोपचाराची पेटी हवी, असं सांगणारा कारखाना कायदा १९४८ साली आला. म्हणजे त्याच्या ३८ वर्षं आधी रामूअण्णा माणसांच्या सोयीचा विचार करत होते. १९८९ साली लक्ष्मणरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघालं, ते योग्यच झालं. पण रामूअण्णांचं नाव माझ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं.

पालकहो, आपलं काम घरी सांगण्यासारखं नाही, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. हिशेब, फायली, रजिस्टरं यांत मुलांना काय गोडी? पण आपण सांगत नाही म्हणून मुलांना ते काम क्षुल्लक वाटतं, आणि मग चारचौघांत त्याची लाज वाटू लागते.

तेव्हा मुलांनो, आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला, आईला आणि आजीलासुद्धा, एकच प्रश्न विचारा : “आज तुम्ही सुट्टी घेतली असती, तर कुणाचं काय अडलं असतं?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत टीव्ही लावू नका बरं का!