जेवणघरातले लाकडी तळे

वृद्धांनी कोणता छंद धरावा असे मला विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा जपमाळ, शब्दकोडे किंवा फार तर कुंडीतली फुलझाडे असतात. माशांची सहा फुटी टाकी लाकडात बांधावी का, असा प्रश्न मात्र माझ्या व्यवसायात मला एकदाच आला. विचारणारे त्र्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, सुतारकामाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश. दोन घास घेऊन त्या पानावरून उठत. वर्षभरात वजन ५२ किलोंवरून ४६ वर आले होते आणि तपासण्यांत दुसरा आजार आढळला नव्हता. "समोर काही हलत असेल तरच ती बसते," एवढेच सर म्हणाले. या वयात करवत हाती घेऊ नये, असे मुलाचे मत होते.

मी सरांची बाजू घेतली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अ‍ॅलन बेक यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६२ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. भोजनगृहात माशांची टाकी ठेवल्यावर त्या रुग्णांचे खाणे वाढले, वजनही वाढले. माशांमुळे स्मृती परत येत नाही, हे स्पष्टच सांगतो. परंतु जो माणूस पानावर पाच मिनिटे अधिक बसतो, त्याच्या पोटात चार घास अधिक जातात.

लाकूड पाण्यात कुजणार नाही का, ही शंका आपल्यालाही येईल. खरे तर अशा टाकीत पाणी लाकडाला शिवतच नाही. ते अडवतो तो आतून दिलेल्या इपॉक्सीच्या दोन-तीन हातांचा थर. लाकूड केवळ दाब सोसते. सरांनी आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे मरीन म्हणून मिळणारे, १९ मिलिमीटरचे प्लायवूड घेतले. काच फक्त पुढच्या बाजूला. मोठ्या टाकीत काचेचा खर्च वाचतो तो इथेच. सांध्यांसाठी सिलिकॉन घेताना बुरशीनाशक नसलेलेच घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमधले औषध माशांना विषारी ठरू शकते. ओले इपॉक्सी हातांना लागले तर त्वचेचा चिवट दाह होतो. म्हणून हातमोजे हवेत, आणि काम अंगणात किंवा उघड्या पडवीत करावे. दम्याच्या रुग्णाने लाकडाचा भुसा आणि हा वास दोन्हींपासून लांब राहावे. इथे करवत सरांनी स्वतः चालवली, उचलाउचल मात्र मुलाने केली. पुढे विरोधकच मुख्य मदतनीस झाला, हे सांगायलाच हवे.

खोलीविषयी मी आग्रह धरला. सरांना दोन फूट पाणी हवे होते. मी दीड फुटावर आणले, कारण तेवढ्या खोलीत स्टुलावर न चढता हात तळापर्यंत पोचतो, आणि स्टुलावरून पडून मोडलेली खुब्याची हाडे मी पुरेशी पाहिली आहेत. वजनाचाही प्रश्न आहेच. दीड फूट पाण्याचा भार चौरस मीटरला साडेचारशे किलोंहून अधिक होतो, तर घराची स्लॅब सामान्यतः २०० किलो गृहीत धरून बांधलेली असते. टाकीची लांबी कमी केल्याने हा हिशेब बदलत नाही, खोली कमी केल्यानेच बदलतो. सरांचे घर तळमजल्याचे होते. आपण वरच्या मजल्यावर राहत असाल, तर अभियंत्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नका.

आतला रंग त्यांनी गडद निळा निवडला. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यावर केशरी गोल्डफिश सहज दिसतात. स्मृतिभ्रंश असलेल्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. टाकीतला दिवा विझला की काचेचा आरसा होतो, आणि त्यातली स्वतःची छबी परकी वाटून रुग्ण घाबरू शकतो. त्यामुळे बाई निजेपर्यंत तिथला दिवा चालू असतो, नंतर पडदा ओढला जातो. विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवलेले आहे. पाणी बादल्यांनी न उपसता नळीने काढतात, तेही तोंडाने न ओढता. हाताला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर टाकीत उघडा हात घालू नये. त्या पाण्यातल्या एका जिवाणूमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात.

अडचण आली ती वेगळीच. दाणे टाकल्याचे बाई विसरत आणि पुन्हा टाकत, त्यामुळे पाणी गढूळ होई. आता रोजच्या दाण्यांची एकच कागदी पुडी त्यांच्या हाती देतात, उरलेला डबा कुलपात. औषधांच्या डबीत मात्र हे दाणे कदापि ठेवू नयेत.

चार महिन्यांनी वजन ४७ किलो भरले. श्रेय माशांचे, की सर आता स्वतः शेजारी बसून जेवतात त्याचे, हे मला ठरवता येत नाही. पूर्वी ते उभ्यानेच चार घास उरकत.

गोल्डफिश नीट सांभाळले तर दहा वर्षांहून अधिक जगतात, असे मी एकदा बोलून गेलो. पुढच्या भेटीत पाहतो, तर टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर पाणी कधी आणि किती बदलायचे, नळी कुठे ठेवली आहे, दिवा किती वाजता मालवायचा, सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. वर सुनेचे नाव.