काकवीच्या बाटल्या

पूस नदीच्या काठचे पुसद हे आमचे गाव. हिवाळा आला, की जवळच्या खेड्यात गुऱ्हाळ सुरू होई. मोठ्या कढईत उसाचा रस उकळत असे. गूळ होण्याआधीच उतरवलेल्या पातळ पाकाला काकवी म्हणतात. माझ्या नानी तिला 'राब' म्हणत. त्या काकवी आणून बाटल्यांत भरत आणि मोहल्ल्यात विकत. त्या पैशांतून माझी पुस्तके येत.

मी आठवीत असताना नानी तापाने आजारी पडल्या. बाटल्या भरण्याचे काम माझ्यावर आले. मी घाईघाईने बाटल्या धुतल्या आणि ओल्या बाटल्यांतच थंड काकवी ओतली. 12 पैकी 8 बाटल्या विकल्या गेल्या.

तीन आठवड्यांनी शेजारच्या काकू बाटली घेऊन आल्या. काकवीवर हिरवट बुरशी आली होती. घरातल्या बाटल्यांचीही तीच गत! मी हळूच म्हणालो, "नानी, वरची बुरशी काढून विकू या. कोणाला कळणार?"

नानी म्हणाल्या, "बेटा, आपल्या घरच्या मुलाला जे देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला कसे देऊ?"

पैसे परत करायला त्यांनी मलाच आठ घरी पाठवले. पुढच्या वर्षी मी जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला.

बुरशी का आली, हे मी विज्ञानाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत असतात. दाट पाकात ते वाढत नाहीत. पण ओल्या बाटलीतले पाणी वर राहते, तिथला पाक पातळ होतो आणि बुरशीला जागा मिळते. कॅनडात मॅपल झाडाचा सुमारे 40 लिटर रस आटवून 1 लिटर पाक करतात. नीट भरला नाही, तर त्यालाही बुरशी येते."

पुढच्या हिवाळ्यात मी बाटल्या व झाकणे पाण्यात उकळली आणि पूर्ण वाळवली. काकवी पुन्हा उकळून गाळली. काच तडकू नये म्हणून बाटल्या कोमट केल्या. गरम काकवी गळ्यापर्यंत भरून झाकणे घट्ट लावली. झाकणालाही उष्णता लागावी म्हणून बाटल्या थोडा वेळ आडव्या ठेवल्या. काकवी काढताना चमचा कोरडा असावा, हेही प्रत्येकाला सांगितले.

काकूंच्या दारात मी भीतभीतच गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि हसून म्हणाल्या, "या वेळी दोन दे."