न्हाणीघरातली फळी

मध्यमवर्गीय घरातल्या न्हाणीघराच्या फळीवर एके काळी साबणाची वडी, शिकेकाईचा डबा आणि खोबरेल तेलाची बाटली एवढेच काय ते असे. आज घरातले मूल वयात येऊ लागले की या फळीवर दाटी होते. अंगाला येणाऱ्या नव्या वासाची मुलाला लाज वाटते, म्हणून सुगंधी फवारा येतो. मुलीच्या गालावर तारुण्यपीटिका उठतात, म्हणून एकामागून एक मलमे येतात. आईवडिलांना त्यात उधळपट्टी दिसते, रसायनांचे भय वाटते. मुलांना वाटते, आपल्या देहात चाललेली उलथापालथ यांना कळतच नाही.

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. या वयात संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात; त्यात मुलांचा काही अपराध नसतो. आणि स्टेरॉइड असलेली मलमे वैद्याच्या सल्ल्याविना लावत राहिल्यास त्वचा पातळ व लाल होते, ही पालकांची भीतीही अनाठायी नव्हे.

खरा तंटा पेटतो तो गोरेपणाच्या मलमावरून. "सावळी असलीस म्हणून काय बिघडले?" असे आई मनापासून विचारते. पण मुलीने याच घरात आणखीही काही ऐकलेले असते. "उन्हात खेळू नकोस, काळवंडशील." नवे बाळ पाहून आलेल्या आत्याला विचारलेला पहिला प्रश्न रंगाचा. शेजारच्या स्थळाच्या वर्णनात 'गृहकृत्यदक्ष'च्या आधी आलेले 'गोरी'. आईच्या लग्नाआधी आजीने तिच्या चेहऱ्याला रोज चोळलेले डाळीचे पीठ आणि साय.

'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली भारताच्या बाजारात आले. २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' गळला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. वेष्टनावरचा एक शब्द बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. घरातल्या बोलण्यावर मात्र असे वेष्टन नसते. ते बदलले की नाही, हे मुलीलाच कळते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे हा वाद थांबतो. कोमट तेल आणि आंबेहळद, नागरमोथा, वाळ्याच्या उटण्याने आई मुलीची पाठ चोळते. त्या हाताला कुठलीही उणीव शोधायची नसते. मुलगी डोळे मिटून बसते. आणि आईच्या तोंडून सवयीने जाते, "चेहऱ्यालाही नीट लाव हं, उजळशील."

मुलगी काही बोलत नाही. आईचा हात मात्र क्षणभर तिच्या पाठीवर थांबून राहतो.